टबाखालचं पाणी

बाथरूमचं नूतनीकरण निघतं. जुनी फरशी उखडली जाते, नवीन टाइल लागतात आणि बऱ्याच वर्षांची हौस म्हणून बाथटबही बसतो. काही महिने सुखाचे जातात. मग एक दिवस खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात आणि सांगतात, "अहो, आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय, जरा बघता का?" प्लंबर येतो, नळ, अँगल कॉक, पाइपांचे जोड एकेक करून तपासतो. कुठेही थेंब गळत नाही. टबाला तडा नाही, टाइल फुटलेली नाही. तरी खालची ओल दर आठवड्याला पसरतेच आहे. मग हे पाणी येतं कुठून?

सोसायट्यांच्या सभांमध्ये भांडण लावणारा हा नेहमीचा विषय. त्याचं उत्तर माणसांच्या हलगर्जीपणात जेवढं आहे, तेवढंच पाण्याच्या स्वभावात आहे. तो स्वभाव ओळखला की टब बसवताना कोणतं काम कशासाठी करायचं, हे आपोआप उलगडत जातं.

टाइल पाणी अडवत नाही

बहुतेक घरमालकांची समजूत असते की टाइल लावल्या म्हणजे बाथरूम जलरोधक झालं. ती चुकीची आहे. चांगली व्हिट्रिफाइड टाइल स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही, तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण दोन टाइलांच्या मधल्या फटीत सिमेंटचं ग्राउट असतं आणि सिमेंट वाळताना त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं राहतात. शिवाय टबाची कड जिथे भिंतीला भिडते, तिथे केसाएवढी चीर पडायला वेळ लागत नाही.

या चिरेतून पाणी ठिबकत नाही, ते ओढलं जातं. पाण्याचे रेणू सिमेंटच्या आणि टाइलच्या पृष्ठभागाला चिकटू पाहतात आणि आपल्या मागच्या रेणूंनाही सोबत नेतात. फट जितकी अरुंद, तितकी ही ओढ जास्त. त्यामुळे अरुंद चिरेत पाणी आडवं जातं, इतकंच काय, वरही चढतं. याला केशाकर्षण म्हणतात. नळाची गळती दिसते, ऐकू येते. केशाकर्षणाने आत गेलेलं पाणी मात्र दिसत नाही. एका आंघोळीला दोन-चार चमचे पाणी आत गेलं तरी टबाखाली ना ऊन पोचतं ना वारा, त्यामुळे ते वाळण्याआधीच दुसऱ्या दिवसाचं पाणी येऊन मिळतं.

भरावात साठलेलं तळं

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा आठ इंचांपासून दीड फुटापर्यंत खाली ओतलेला असतो. गवंडी याला संकन म्हणतात. सांडपाण्याचे पाइप याच खोलगट जागेतून जातात. त्यांच्यावर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव टाकून जमीन वर आणली जाते आणि मग टाइल बसतात.

वीट पाणी पिते. बांधकामाची साधारण वीट तिच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते. पाच बाय सात फुटांच्या बाथरूमचा फूटभर भराव दीड टनाच्या आसपास भरतो. म्हणजे खाली एक थेंब दिसण्याआधी शंभर-दीडशे लिटर पाणी त्या विटा गुपचूप मुरवून घेऊ शकतात. ओल टब बसवल्यानंतर लगेच न येता काही महिन्यांनी का येते, याचं हे कारण. आणि वरची चीर बुजवल्यावरही खालची ओल लगेच का थांबत नाही, याचंही हेच.

ओल म्हणजे फक्त छतावरचा डाग असता तर रंगाचा एक हात मारून भागलं असतं. पाणी काँक्रीटमधून झिरपताना त्यातला चुना विरघळवून आणतं. छतावर दिसणारे पांढरे क्षार ते हेच. पुढे ओल स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोचते आणि त्या गंजायला लागतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्याचा आतून दाब पडतो आणि खालच्या घरातल्या छताचे पोपडे सुटून सळ्या उघड्या पडतात. वरच्या घरातल्या हौसेची किंमत खालच्या घराने मोजायची, हे मला अजिबात मान्य नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही शौचालय, सिंक यांमुळे घरातून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती त्या सदस्याने स्वतःच्या खर्चाने करायची आहे.

खरी भिंत डोळ्यांआड असते

मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हे कुंड साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळपास अडीच मीटर खोल आहे. त्याच्या विटा इतक्या घट्ट बसवलेल्या आहेत आणि जिप्समच्या गिलाव्याने सांधलेल्या आहेत, की त्यावरच काम थांबवायला हरकत नव्हती. पण त्या कारागिरांनी विटांच्या मागे डांबराचा जाड थरही दिला. वरचा थर कितीही चांगला असला तरी एखाद दिवशी दगा देईल, हे गृहीत धरून त्यांनी काम केलं.

टब बसवतानाही हाच विचार हवा. कोकणातल्या कौलारू छपरात कौलं एकमेकांना चिकटवलेली नसतात. वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं, म्हणून प्रत्येक थेंब खालच्या कौलावरच पडतो आणि शेवटी पागोळीला येतो. बाथरूममध्येही वरचा थर नेहमी खालच्या थरावर चढला पाहिजे. डिंकासारख्या कुठल्याही पदार्थाच्या भरवशावर काम सोडायचं नाही.

म्हणून सुरुवात अगदी तळापासून. जुन्या टाइलवरच टब ठेवून बाजूने विटांचा कठडा बांधायचा, हा सोपा मार्ग काही कंत्राटदार सुचवतात. तो नाकारावा. जुना भराव स्लॅबपर्यंत उकरून काढावा, स्लॅबमधल्या भेगा आणि पोकळ जागा भराव्यात. पाइप जिथे भिंतीतून किंवा स्लॅबमधून जातो तिथली जागा न आकसणाऱ्या ग्राउटने भरावी, कारण साधं सिमेंट वाळताना आकसतं आणि पाइपाभोवती गोल फट सोडतं. जमीन आणि भिंत जिथे काटकोनात मिळतात तिथे गवंडी मालाची गोलाई देतात, तिला वाटा म्हणतात. वाटा मारण्यामागे साधं कारण आहे: काटकोनात लेप पातळ राहतो आणि इमारतीच्या बारीक हालचालींनी तिथेच आधी फाटतो. गोलाईवर तो सारखा जाड बसतो.

मग पॉलिमरमिश्रित सिमेंटचा लेप, दोन हात, एक आडवा आणि एक उभा. पॉलिमर म्हणजे रबरासारखे लवचीक कण. ते सिमेंटची छिद्रं भरतात आणि त्याला थोडं ताणलं जाण्याची मुभा देतात. हा लेप भिंतीवरही चढवायचा, टबाच्या कडेच्या वरपर्यंत, आणि शॉवर असेल तिथे डोक्याच्या वर.

लेप वाळला की संकनमध्ये पाणी भरून ठेवायचं. पातळीची खूण पेन्सिलने भिंतीवर करायची आणि निदान ४८ तास, जमल्यास ७२ तास वाट बघायची. हवेत थोडं पाणी उडून जातंच, पण पातळी स्पष्ट उतरली किंवा खालच्या छतावर ओलसर वर्तुळ उमटलं तर लेप पुन्हा करायचा. मिस्त्रीला घाई असते, कारण या दिवसांत त्याचं काम थांबतं. पण सगळ्या नूतनीकरणात याच तीन दिवसांना मी सर्वांत जास्त महत्त्व देईन. पुढची प्रत्येक चूक दुरुस्त करता येते. ही चूक राहिली तर दुरुस्तीसाठी सगळंच पुन्हा फोडावं लागतं.

संकनच्या तळाशी एक छोटा पाइप बाहेरच्या बाजूला किंवा डक्टमध्ये काढून ठेवता आला तर फारच उत्तम. नेहमी कोरडा असणारा हा पाइप ओला दिसला, की वर काहीतरी बिनसलं आहे हे शेजाऱ्यांच्या आधी आपल्याला कळतं. भराव टाकून झाल्यावर त्याच्यावरही लेपाचा एक थर द्यावा, म्हणजे भरावात पाणी मुरण्याची वेळ शक्यतो येणारच नाही.

स्लॅबला हे वजन झेपेल का?

अॅक्रिलिकचा टब तीस-चाळीस किलोंचा असतो, ओतीव लोखंडाचा मात्र सव्वाशे-दीडशे किलोंच्या पुढे जातो. त्यात दोनशे लिटर पाणी आणि एक माणूस. ऐकूनच धडकी भरते. हिशेब मांडून पाहू.

दोनशे लिटरचा टब काठोकाठ, म्हणजे ओव्हरफ्लोच्या छिद्रापर्यंत भरला आणि त्यात ६५ किलोंचा माणूस बसला, तर एकूण वजन ६५ किलोंनी वाढत नाही. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने तो साधारण तितकंच पाणी बाहेर ढकलतो. टबात बसलेल्या आर्किमिडीजची गोष्ट इथे अक्षरशः लागू पडते. म्हणजे टब आणि पाणी मिळून सुमारे २४० किलो, सव्वा चौरस मीटर जागेवर. दर चौरस मीटरला १९० किलोंच्या आसपास. भारतीय मानक ८७५ नुसार घरातल्या बाथरूमसाठी माणसं आणि सामान यांचा भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो धरतात. अॅक्रिलिकचा मध्यम टब या आकड्याच्या काठावर बसतो. ओतीव लोखंडाचा टब किंवा दोन माणसांचा मोठा टब त्याच्या बाहेर जातो.

खरं ओझं वेगळ्याच ठिकाणी आहे. फूटभर विटांचा भराव दर चौरस मीटरला पाचशे किलोंच्या घरात जातो, टबापेक्षा कितीतरी जास्त. तो काढून हलक्या एएसी ब्लॉकच्या तुकड्यांचा भराव केला तर हे वजन निम्म्याहून कमी होतं आणि टबासाठी जागा होते. मात्र एएसी ब्लॉकही पाणी शोषतात, म्हणून वरचा लेप चुकवून चालत नाही. जुनी इमारत असेल, स्लॅबमध्ये सळ्या उघड्या दिसत असतील किंवा टब मोठा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय टबाची ऑर्डर देऊ नये. ऑर्डर देण्याआधी लिफ्ट, जिन्याचं वळण आणि बाथरूमच्या दाराची चौकट यांची मापंही घ्यावीत.

टब सपाट का ठेवायचा?

पाणी वाहून जायला हवं, म्हणून गवंडी टबालाच उतार द्यायला जातो. तसं करू नये. उतार कारखान्यातच टबाच्या तळाला दिलेला असतो. कड चारही बाजूंनी पाणसळ लावून अगदी समपातळीत ठेवली तरच आतला उतार बरोबर काम करतो. कड कलती राहिली तर एका कोपऱ्यात पाणी साचतं, आणि ते नेमकं भिंतीच्या सांध्यावर साचलं तर केशाकर्षणाला रोजचा खुराक मिळतो.

अॅक्रिलिकचा टब म्हणजे तापवून साच्यात ओढलेला काही मिलिमीटर जाडीचा पत्रा, त्याला मागून फायबरग्लासची बळकटी. हा पत्रा माणसाच्या वजनाने लवतो. रोज लवत राहिला की कडेचे सांधे सुटतात आणि वर्षा-दोन वर्षांत तळालाही चिरा पडतात. म्हणून सोबत आलेल्या पायांवर टब नुसता टेकवून न सोडता, तळाखाली ओल्या सिमेंट-वाळूचा थर देऊन त्यावर तो हलकेच दाबून बसवतात, म्हणजे तळाला सगळीकडे आधार मिळतो. पोकळीत कोरडी वाळू भरू नये. ती नंतर खचते, आणि पाणी गेलंच तर ओली होऊन तशीच राहते.

भिंतीच्या टाइल टब बसल्यानंतर लावायच्या. गिलाव्यात चर घेऊन टबाची कड अर्धा इंच आत घालायची आणि टाइल तिच्यावर उतरवायची, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी टबातच पडतं. काही टबांना भिंतीच्या बाजूने उभी पट्टी असते, ती याचसाठी. आधी सगळ्या टाइल लावून मग टब ढकलून भिंतीला टेकवला, तर सगळा भार एका सांध्यावर येतो.

तो सांधा व्हाइट सिमेंटने भरला तर तडकणार हे ठरलेलं. गरम पाणी ओतल्यावर अॅक्रिलिक प्रसरण पावतं: १.७ मीटर लांबीचा टब २० अंशांनी तापला तर ढोबळ हिशेबाने दोन मिलिमीटरहून जास्त लांबतो. टाइल आणि सिमेंट त्याच्या तुलनेत फारच कमी वाढतात. ही रोजची ओढाताण फक्त लवचीक पदार्थ सोसू शकतो, म्हणून तिथे बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन लागतं. ते लावताना टब पाण्याने भरलेला हवा. भरलेला टब किंचित खाली बसतो आणि सांधा जास्तीत जास्त उघडतो. त्या अवस्थेत सिलिकॉन भरून २४ तास सुकू दिलं, की पुढे टब रिकामा झाल्यावर ते दाबलं जातं, ताणलं जात नाही. रिकाम्या टबाला लावलेलं सिलिकॉन पहिल्याच आंघोळीला ताण खातं.

पाणी जाण्याची वाट

सांडपाण्याच्या पाइपाला दिलेल्या वळणात नेहमी थोडं पाणी अडून राहतं आणि गटाराची हवा तिथेच थांबते. अशा वळणाच्या नळीचं पेटंट लंडनमधले घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचकूपासाठी घेतलं. आज टबाखालच्या ट्रॅपमध्येही हीच युक्ती असते. अडलेल्या पाण्याची उंची साधारण ५० मिलिमीटर लागते.

टबाची अडचण अशी की त्यातून पाणी एकदम आणि भरपूर सुटतं. पाइप काठोकाठ भरून वाहू लागला की मागे हवेचा दाब कमी होतो आणि जाताजाता तो ट्रॅपमधलं पाणीही खेचून नेतो. शेवटी गुळगुळ आवाज येतो तो हाच. ट्रॅप रिकामा झाला की दुर्गंध आणि झुरळं वर येतात. पाइपाला हवा मिळण्याची सोय असेल तर असं होत नाही. एकामागे एक दोन ट्रॅपही नकोत, कारण मधे हवा कोंडते आणि टब तासभर रिकामा होत नाही. टबाचं पाणी जमिनीतल्या न्हाणी ट्रॅपमध्ये सोडलं असेल आणि त्याची पुढची वाट अरुंद असेल, तर पाणी जाळीतून उसळून बाथरूमभर होतं, म्हणून तिथून पुढचा पाइप पुरेसा मोठा हवा. ओव्हरफ्लोची नळी खालच्या पाइपाला जोडली आहे ना, हे स्वतः बघावं. ती मोकळी राहिली तर जास्तीचं पाणी थेट टबाखाली जातं. टब फारसा वापरात नसेल तर अधूनमधून तांब्याभर पाणी त्यात ओतावं, नाहीतर ट्रॅपमधलं पाणी वाळून जातं.

गिझर पुरेल का?

दोनशे लिटरच्या टबात माणूस बसल्यावर पाणी उरतं सुमारे १४० लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात एका माणसाच्या दिवसभराच्या गरजेसाठी १३५ लिटर धरतात, हे जवळपास तेवढंच आहे. उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या सोसायटीत टब रोज भरणं मला योग्य वाटत नाही.

२५ लिटरच्या गिझरमधलं ६० अंशांचं पाणी २५ अंशांच्या पाण्यात मिसळलं, तर ४० अंशांचं जेमतेम ५८ लिटर पाणी मिळतं. १४० लिटरसाठी सुमारे अडीच युनिट वीज लागते आणि २ किलोवॅटच्या गिझरला सव्वा तास. तोवर टबातलं आधीचं पाणी निवत जातं. गॅस गिझर लावायचा तर तो बंद बाथरूमच्या आत कधीही नको, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. विजेच्या गिझरला अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी हवंच. स्विच आणि सॉकेट टबापासून हात पोचणार नाही इतके लांब ठेवावेत.

घरात वयस्क माणसं असतील तर टबाच्या दीड-दोन फूट उंच ओल्या कडेवरून पाय टाकणं हाच मोठा धोका आहे. आधाराचा दांडा पक्क्या विटांच्या भिंतीत बसवावा लागतो, त्याची जागा टाइल लागण्याआधीच ठरवावी.

चौकट: ओल आलीच, तर पाणी कुठलं हे असं शोधा

खालची ओल चोवीस तास सारखी असेल आणि घर बंद ठेवल्यावरही कमी होत नसेल, तर संशय आधी दाबाखालच्या पाण्याच्या पाइपावर घ्यावा. ओल आंघोळीनंतर वाढत असेल तर तीन दिवसांत तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बघाव्यात. पहिल्या दिवशी भिंतीवर पाणी न उडवता टब भरून फक्त ठेवावा: ओल वाढली तर टब किंवा त्याच्या तळाचा वॉशर. दुसऱ्या दिवशी तो एकदम सोडावा: आता वाढली तर सांडपाण्याचा जोड. तिसऱ्या दिवशी टब रिकामा ठेवून शॉवरचं पाणी भिंतीवर सोडावं: आता वाढली तर कडेचा सांधा किंवा ग्राउट. पाण्यात रंग मिसळला तर ओळखणं सोपं जातं. भरावात जुनं पाणी असेल तर निकाल उशिरा दिसतो, म्हणून मधे दोन-चार दिवस बाथरूम कोरडं ठेवावं.

एक झडप ठेवाच

टबाच्या कठड्याला टाइल लावताना ट्रॅपच्या बाजूला फूटभर रुंदीची, उघडता येणारी झडप ठेवा. ती बंद करण्याआधी टब ओव्हरफ्लोपर्यंत भरा, जोडांखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा आणि पाणी एकदम सोडा. थेंब पडला तर कागदावर लगेच दिसतो. पुढे वॉशर बदलायचा असो वा जोड घट्ट करायचा, या झडपेतून अर्ध्या तासाचं काम असतं. ती नसेल तर त्याच कामासाठी कठडा फोडावा लागतो आणि तशाच टाइल पुन्हा बाजारात मिळतीलच असं नाही. सलग टाइलमध्ये झडप वाईट दिसते म्हणून मिस्त्री ती टाळायला सांगेल. तुम्ही आग्रह धरा आणि ती ठेवूनच घ्या.